पोटात कॅमेरा, गटारात माणूस

गिळायचा कॅमेरा आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. पुण्यातल्या बड्या खासगी रुग्णालयांत पोटविकारतज्ज्ञ ही तपासणी करतात. साधारण २६ मिलिमीटर लांब आणि ११ मिलिमीटर जाड अशी एक कॅप्सूल रुग्ण पाण्याबरोबर गिळतो. तिच्यात कॅमेरा, छोटे दिवे, बॅटरी आणि चित्रे बाहेर पाठवणारे यंत्र असते. रुग्णाच्या कमरेला एक रेकॉर्डर बांधतात. कॅप्सूल आतड्याच्या हालचालीने आपोआप पुढे सरकत जाते, सेकंदाला दोन या हिशेबाने आठेक तास चित्रे काढते आणि पन्नास हजारांहून जास्त चित्रे रेकॉर्डरमध्ये जमा होतात. घशात नळी नाही, भूल नाही. तपासणी चालू असताना माणूस हिंडूफिरू शकतो. शेवटी कॅप्सूल शौचावाटे बाहेर पडते.

हिची खरी गरज कुठे लागते तेही समजून घेऊ. तोंडातून घातलेली दुर्बीण अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत जाते. खालून घातलेली दुर्बीण मोठे आतडे पाहते. मधले काही मीटर लांब लहान आतडे दोन्ही दुर्बिणींना नीट दिसत नाही. तिथे रक्तस्राव होत असेल, व्रण असतील, गाठ असेल, तर डॉक्टरांना अंदाजावर चालावे लागे. गॅव्रिएल इद्दान हा इस्रायली अभियंता संरक्षण संस्थेत क्षेपणास्त्रांना लागणाऱ्या कॅमेऱ्यांवर काम करत होता. तेच तंत्र आतड्यात का वापरू नये, असे त्याच्या डोक्यात आले. लंडनचे डॉक्टर पॉल स्वेन हेही त्याच वाटेवर होते. २००० साली 'नेचर'मध्ये या कॅप्सूलची माहिती प्रसिद्ध झाली आणि २००१ साली अमेरिकेने तिला परवानगी दिली.

इथपर्यंत विज्ञानाचे कौतुकच आहे. ते मनापासून केले पाहिजे. पण आपल्या देशात प्रत्येक शोधाला एक प्रश्न विचारावा लागतो. हा शोध कोणाच्या शरीरापर्यंत पोहोचतो आणि कोणाच्या शरीराजवळ येऊन थांबतो? कारण या देशात शरीरालाही जात आहे. कोणाचे दुखणे शोधण्याजोगे आणि कोणाचे सहन करण्याजोगे, हे दवाखान्याच्या पायरीच्या आधीच ठरलेले असते.

रक्त कुठे जाते, हे कोणी विचारत नाही

पोटविकारतज्ज्ञ ही कॅप्सूल सर्वांत जास्त कशासाठी वापरतात? पोटात कुठेतरी रक्त जाते आहे, हिमोग्लोबिन सारखे उतरते आहे, वरची-खालची दोन्ही दुर्बिणी करून झाल्या तरी जागा सापडत नाही, अशा रुग्णासाठी. पचनमार्गातल्या रक्तस्रावाच्या शंभर रुग्णांपैकी पाचेक जणांचे मूळ लहान आतड्यात असते, असे वैद्यकीय पुस्तके सांगतात. म्हणजे संख्या थोडी आहे. पण त्या थोड्यांसाठी ही तपासणी म्हणजे निदान होणे आणि न होणे यातला फरक आहे.

आता आपल्या वस्त्यांकडे या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. निम्म्याहून जास्त! येरवडा, जनता वसाहत, ताडीवाला रस्ता, पर्वती पायथा, कुठल्याही वस्तीतल्या बाईला विचारा. ती सांगेल, "रक्त कमी आहे म्हणाले, गोळ्या दिल्या." झाले निदान. लोहाच्या लाल गोळ्या आणि "पालेभाजी खात जा" हा सल्ला. गोळ्या संपल्या की पुन्हा चक्कर, पुन्हा केसपेपर, पुन्हा त्याच गोळ्या.

यातल्या बहुतेकींचे कारण अपुरे अन्न, पाळीतला जास्त रक्तस्राव, बाळंतपणे, जंत हेच असते, आणि त्यांना कॅप्सूल लागत नाही. हे मान्य. पण ज्या समाजात रक्त कमी असणे हेच नेहमीचे मानले जाते, तिथे जिच्या आतड्यातून खरोखर रक्त जाते आहे ती बाई ओळखायची कशी? ती गर्दीत हरवते. कोरेगाव पार्कातल्या बाईचे हिमोग्लोबिन सात झाले तर घरात धावपळ होते, कारण शोधले जाते, शेवटपर्यंत शोधले जाते. तिच्याच घरी भांडी घासणाऱ्या बाईचे सात झाले तर म्हणतात, "त्यांच्यात असतेच." या दोन शब्दांत अख्खी जातिव्यवस्था बसली आहे. "त्यांच्यात असतेच" म्हणजे शोधायची गरज नाही.

आणखी एक मुद्दा आहे, तो खास आपल्या देशाचा. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग अजून आहे. दाट वस्ती, कोंदट खोली, कमी अन्न यांच्या सोबतीने क्षय राहतो, म्हणजे तो कोणाच्या वाट्याला येतो हे वेगळे सांगायला नको. आतड्याच्या क्षयात आतडे जागोजागी आवळले जाते. अशा आवळलेल्या जागी कॅप्सूल अडकू शकते, आणि अडकली तर ती काढायला कधी शस्त्रक्रियाही करावी लागते. म्हणून आधी स्कॅन करून वाट मोकळी आहे का ते पाहतात, किंवा विरघळणारी चाचणी-कॅप्सूल देतात. शिवाय क्षयाचे व्रण आणि क्रोन्स या आजाराचे व्रण दिसायला सारखे असतात, आणि कॅप्सूलला तुकडा काढून आणता येत नाही. हजारो चित्रे तपासायला आता संगणकाची मदत घेतात. तो संगणक ज्यांची चित्रे पाहून शिकला, त्यांचीच दुखणी तो चांगली ओळखणार. आमच्या आतड्यांची चित्रेच काढली गेली नाहीत, तर आमचे दुखणे त्याला दिसणार कुठून? म्हणजे ज्यांना अधिक काळजीपूर्वक तपासायला हवे तेच या तपासणीपासून सर्वांत दूर आहेत.

नाव फुल्यांचे, दार बंद

खर्चाचे बोलू. ही कॅप्सूल एकदाच वापरता येते. तपासणीचा खर्च दहा हजारांच्या पटीत मोजावा लागतो, म्हणजे घरकाम करणाऱ्या बाईची काही महिन्यांची कमाई. मग कोणी म्हणेल, सरकारी योजना आहे की! महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. तिचेच नाव पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. आता तिच्यात पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची हमी सांगितली जाते. योजना चांगली आहे, तिने अनेकांचे जीव वाचवले आहेत. पण तिची रचना दाखल झालेल्या रुग्णाच्या ठरावीक उपचारांभोवती आहे. आजार काय हेच कळलेले नसताना, बाह्यरुग्ण विभागात एकामागून एक तपासण्या करत हिंडणाऱ्या माणसाला तिचा आधार तोकडा पडतो. आजाराला नाव मिळाले तर योजना, आणि नाव मिळवायला पैसे स्वतःच्या खिशातून. गरीब माणूस इथेच गळतो.

दुसरे दार धर्मादाय रुग्णालयांचे. पुण्यात अशी रुग्णालये कमी नाहीत. सार्वजनिक न्यास म्हणून त्यांना सवलती मिळतात, काहींना जमिनीही मिळाल्या. त्या बदल्यात कायद्याच्या कलम ४१ कक नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल रुग्णांना सवलतीत द्यायच्या आहेत. एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत ठेवायची आहे. ही भीक नाही, सवलतींचा मोबदला आहे. तरी सामान्य माणसाला आधी विचारतात ते अनामत रकमेचे. एप्रिल २०२५ मध्ये दीनानाथ मंगेशकर रुग्णालयाने एका गर्भवतीच्या कुटुंबाकडे दहा लाखांची अनामत मागितल्याचा आरोप झाला. तिच्या मृत्यूनंतर पुणे रस्त्यावर उतरले. त्या प्रकरणाने सबंध महाराष्ट्राला धर्मादाय या शब्दाचा अर्थ विचारायला लावला. ते कुटुंब काही वस्तीतले नव्हते. वस्तीतल्यांवर हे रोज गुदरते, त्याची बातमी होत नाही.

हे त्या पुण्यात, जिथे १८९७ च्या प्लेगात सावित्रीमाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड या मुलाला पाठीवर घेऊन डॉक्टर यशवंतच्या दवाखान्यात आणले. मुलगा वाचला, माई १० मार्चला गेल्या. त्यांनी त्या मुलाची ऐपत विचारली नव्हती.

"चैन कशाला?" या प्रश्नाला उत्तर

आता एक आक्षेप. तो केवळ वरच्यांचा नाही, आपल्यातले कार्यकर्तेही तो घेतात. "जिथे साध्या गोळ्या मिळत नाहीत, ससूनमध्ये खाट मिळत नाही, तिथे कॅमेऱ्याच्या गोळीची मागणी म्हणजे चैन आहे. आधी पाणी मागा, संडास मागा."

पाणी मागायचेच आहे. पण या युक्तिवादात एक सापळा आहे. गरिबाने स्वस्तातलेच मागावे, नवे ते वरच्यांनी वापरावे आणि जुने होऊन उतरले की खालच्यांना मिळावे, ही वाटणी कुठून आली? शूद्राला उष्टे अन्न आणि जुनी वस्त्रे द्यावीत असे ज्या ग्रंथात लिहिले होते, तो २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला. ग्रंथ जळला, पण उष्ट्याचा नियम औषधांत आणि तपासण्यांत चालूच आहे.

डायलिसिसचे उदाहरण घ्या. एके काळी ती श्रीमंतांची गोष्ट होती. २०१६ साली केंद्राने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आणला आणि जिल्हा रुग्णालयांत गरिबांसाठी ती मोफत सुरू झाली. यंत्र तेच होते, धोरण बदलले. आणि कॅप्सूल सगळ्यांना द्या असे कोणी म्हणत नाही. ज्यांना वैद्यकीय गरज आहे ते थोडे आहेत. त्यांचे निदान न झाल्याचाही खर्च असतोच. वारंवार रक्त चढवणे, बुडालेली मजुरी, सुटलेली कामे, पोरीची सुटलेली शाळा. हा खर्च सरकारच्या वहीत दिसत नाही, कारण तो आपल्या वहीत पडतो.

यंत्राबद्दल बाबासाहेबांची भूमिका स्पष्ट होती. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी गांधीवादाच्या यंत्रविरोधाची चिकित्सा केली आहे. यंत्र माणसाला कष्टातून सोडवते, फुरसत देते आणि फुरसतीशिवाय माणसाला सुसंस्कृत जीवन जगता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. यंत्रामुळे अन्याय झाला असेल तर दोष यंत्राचा नाही. यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे. म्हणून यंत्र नाकारायचे नाही, रचना बदलायची. चरखा आम्हाला नको होता तो याचसाठी. आम्ही यंत्राच्या विरोधात नाही, यंत्रावर आमचाही हक्क सांगतो आहोत.

कॅप्सूल पुढे कुठे जाते?

आता त्या कॅप्सूलचा पुढचा प्रवास पाहा. तिचे काम झाले की ती शौचावाटे बाहेर पडते. ती परत द्यावी लागत नाही, चित्रे आधीच रेकॉर्डरमध्ये उतरलेली असतात. रुग्ण फ्लश ओढतो. कॅप्सूल पाइपातून चेंबरमध्ये जाते, चेंबरमधून मैलावाहिनीत, नाहीतर सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये.

आणि तिथे कोण उतरते?

ज्या देहाला नळीचा त्रास होऊ नये म्हणून जगभरच्या अभियंत्यांनी बुद्धी पणाला लावली, त्या देहाची घाण जिथे जाते तिथे कॅमेरा जात नाही. तिथे माणूस जातो. मार्च २०२२ मध्ये लोणी काळभोरजवळ कदमवाकवस्तीत सेप्टिक टँक साफ करताना चार जण गुदमरून मेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ऐन दिवाळीत, वाघोलीत एका सोसायटीच्या टाकीत उतरलेले कामगार मेले. दोन्ही ठिकाणे आयटी पार्कवाल्या, विद्येच्या माहेरघराच्या वेशीवरची.

कायदा नाही असे नाही. १९९३ चा आहे, २०१३ चा आहे. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मृताच्या वारसांना दहा लाख द्यायला सांगितले, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. आणि हे काम कोणाच्या गळ्यात आहे? केंद्र सरकारने २०२१ साली संसदेत दिलेल्या माहितीनुसार, हाताने मैला साफ करणारे म्हणून नोंद झालेल्यांपैकी ज्यांची जात नोंदवलेली होती, त्यांच्यातले ९७ टक्के लोक अनुसूचित जातींचे होते. यापुढे कोणी "आता कुठे जात राहिली?" असे विचारले तर हा आकडा दाखवा.

तंत्रज्ञान नाही, असेही नाही. मैलावाहिनीत सोडायचे कॅमेरे आहेत. जेटिंग आणि सक्शनच्या गाड्या आहेत. केरळच्या तरुण अभियंत्यांनी मॅनहोल साफ करणारा यंत्रमानव करून दाखवला. वळणावळणाच्या आतड्यातून जाणारा कॅमेरा बनतो आणि सरळ पाइपातून जाणारा परवडत नाही, असे सांगणाऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा? परवडत नाही कारण तिथे माणूस स्वस्त आहे. त्याला स्वस्त ठेवण्याचे काम जात करते.

गटार आणि पोट या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे पुण्याने जानेवारी २०२५ मध्ये अनुभवले. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गिलन-बारे सिंड्रोमचे रुग्ण भराभर वाढले. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि बोट पिण्याच्या पाण्याकडे गेले. पोटातल्या संसर्गातून हातपाय लुळे पडले. तेव्हा सरकारने कमला नेहरू, यशवंतराव चव्हाण आणि ससून रुग्णालयांत मोफत उपचार जाहीर केले. चांगलेच केले. म्हणजे मनात आणले की होते! सोसायट्यांमध्ये रोग शिरला की व्यवस्था जागी होते. वस्तीत दर पावसाळ्यात जुलाब, कावीळ, विषमज्वर येतो तेव्हा ती झोपलेली असते. चवदार तळ्याला आता शंभर वर्षे होत आली, आणि आपला लढा अजून पाण्यापाशीच आहे.

मागण्या

म्हणून, दया नको, धोरण हवे.

१. ससूनमध्ये कॅप्सूल तपासणीची कायमची मोफत सोय हवी. रेकॉर्डर आणि संगणक एकदाच घ्यावे लागतात. कोणाला तपासणी द्यायची याचे वैद्यकीय निकष लिहून दर्शनी भागात लावावेत, म्हणजे शिफारस आणि ओळख यांवर काम अडणार नाही.

२. महात्मा फुले योजनेत निदानाच्या महागड्या तपासण्यांचा खर्च रुग्ण दाखल नसतानाही धरावा.

३. प्रत्येक धर्मादाय रुग्णालयाने निर्धन रुग्ण निधीत किती जमा झाले, किती खर्च झाले आणि कोणत्या तपासण्यांवर झाले, हे दर महिन्याला फलकावर लिहावे. धर्मादाय आयुक्तांनी ते तपासावे.

४. वस्तीतल्या दवाखान्यात लोहाच्या गोळ्यांनी तीन महिन्यांत हिमोग्लोबिन वाढले नाही, तर त्या बाईला पुन्हा त्याच गोळ्या न देता पुढच्या तपासणीला पाठवणे बंधनकारक करावे. ही मागणी सर्वांत स्वस्त आहे आणि बाकीच्या सगळ्या हिच्यावर उभ्या आहेत.

५. पुणे महापालिकेच्या हद्दीत, समाविष्ट गावे आणि खासगी सोसायट्या धरून, कोणत्याही चेंबरमध्ये वा टाकीत माणूस उतरणार नाही. आधी कॅमेरा, मग यंत्र. सोसायटीने माणूस उतरवला तर ठेकेदाराबरोबर तिच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा दाखल व्हावा.

यातली एकही मागणी संविधानाबाहेरची नाही. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे अनुच्छेद ४७ सांगतो. जगण्याचा हक्क अनुच्छेद २१ देतो. वाचकांना एकच सांगणे आहे. घरातल्या बाईचे हिमोग्लोबिन पुन्हा पुन्हा उतरत असेल तर "आपल्यात असतेच" असे म्हणू नका. रक्त कुठे जाते ते डॉक्टरांना विचारा, लेखी विचारा, उत्तर मिळेपर्यंत विचारा. पिवळे किंवा केशरी रेशन कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन धर्मादाय रुग्णालयात जा आणि निर्धन रुग्ण निधीचा अर्ज मागा. नाही म्हणाले तर तो नकार लेखी घ्या आणि धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करा. आणि आपल्या सोसायटीच्या, कंपनीच्या, कॉलेजच्या टाकीत कोणी माणूस उतरताना दिसला, तर तिथेच काम थांबवा.

जय भीम! जय संविधान!